पनवेल-उरण पट्ट्यातील वाढती माध्यमिक पटसंख्या: रायगड जिल्ह्याच्या शालेय नियोजनाचा प्रकरण अभ्यास

कोकणातील शाळांविषयी बोलताना घटत्या पटाचा विषय बहुतेक वेळा आधी निघतो आणि त्यात चूक काही नाही. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ पर्यंत उतरली आणि सिंधुदुर्गाचीही लोकसंख्या कमी झाली. याच दशकात रायगड जिल्हा मात्र २२ लाखांवरून २६,३४,२०० वर गेला. ही वाढ जिल्हाभर सारखी पसरलेली नव्हती. २०११ मध्ये एकट्या पनवेल तालुक्याची लोकसंख्या साडेसात लाखांच्या घरात, म्हणजे जिल्ह्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक होती, तर पोलादपूर तालुका ५० हजारांच्याही खाली होता. एकाच जिल्हा परिषदेच्या, एकाच माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्याच्या कार्यकक्षेत एका टोकाला वर्गखोल्या अपुऱ्या पडतात आणि दुसऱ्या टोकाला त्या ओस पडतात. अशा जिल्ह्याचे नियोजन सरासरीवर करता येत नाही, कारण सरासरी काढताच दोन्ही अडचणी कागदावरून नाहीशा होतात.

हा अभ्यास पनवेल-उरण पट्ट्यापुरता आहे. या पट्ट्यातील माध्यमिक पटाची वाढ अचानक आलेली नाही. ती पहिलीच्या हजेरीपटावर आठ-नऊ वर्षे आधीच लिहिलेली असते. अडचण अशी की, तो पट वाचणारा, शाळेसाठी जागा देणारा, शाळा चालवणारा आणि शिक्षकांच्या पगाराचा भार उचलणारा असे चार वेगवेगळे हात आहेत आणि त्या चौघांचे वर्ष वेगवेगळ्या महिन्यात सुरू होते.

वाढीची कारणे सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून ती थोडक्यात नोंदवतो. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहू लागली. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झाले. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल ही उपनगरे भरत गेली आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. पुढे उलवे, द्रोणागिरी, तळोजा, करंजाडे येथे इमारती उठल्या. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा अटल सेतू आणि उरणपर्यंतची उपनगरी रेल्वे या दोन्हींचे उद्घाटन झाले आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे. यातील प्रत्येक तारखेनंतर घरे वाढतात, पण त्या घरांतील मुले माध्यमिक शाळेच्या दारात लगेच येत नाहीत आणि नियोजनाचा पहिला घोळ येथेच होतो.

नव्या वसाहतीत प्रथम येतात ती तरुण जोडपी. एखादे कुटुंब २०१६ मध्ये कामोठ्यात राहायला आले आणि २०१७ मध्ये त्यांना मूल झाले, तर ते २०२३ मध्ये पहिलीत बसते आणि २०३१ च्या जूनमध्ये नववीत. त्यामुळे वसाहतीच्या पहिल्या दशकात बालवाड्या आणि प्राथमिक वर्ग तुडुंब भरतात, माध्यमिक शाळा मात्र निवांत दिसतात. पुढच्या दशकात हे चित्र उलटते. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगर नियोजन मार्गदर्शक सूचनांनुसार दर ५,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक शाळा आणि दर ७,५०० लोकसंख्येमागे सहावी ते बारावीची, सुमारे १,००० विद्यार्थ्यांची एक शाळा धरली जाते आणि दुसऱ्या प्रकारच्या शाळेसाठी १.८ हेक्टर जागा सुचवली आहे. हा निकष सर्व वयोगट प्रमाणात असलेल्या, जुन्या, मुरलेल्या शहराला लागू पडतो. उलवे किंवा तळोज्यासारख्या ठिकाणी तो सुरुवातीची दहा वर्षे गरजेपेक्षा अधिक जागा दाखवतो आणि नंतरची दहा वर्षे कमी. रिकामा भूखंड पाहून तो अन्य कामास दिला गेला, तर जेव्हा मुले चौदा वर्षांची होतात तेव्हा तो परत मिळत नाही.

मोजणीचा पाया

माध्यमिक पटाचा अंदाज बांधण्याची रूढ पद्धत सोपी आहे आणि तालुक्याच्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयात बसून, साध्या गणकयंत्रावर ती करता येते. गेल्या वर्षी सातवीत किती मुले होती आणि यंदा आठवीत किती आहेत, याचे गुणोत्तर काढायचे. तसेच आठवी-नववीचे, नववी-दहावीचे. गुणोत्तर एकपेक्षा जास्त असेल तर बाहेरून मुले येत आहेत आणि कमी असेल तर मुले गळत आहेत किंवा अन्यत्र जात आहेत. पद्धत समजावी म्हणून काही कल्पित आकडे घेऊ. सातवी-आठवीचे गुणोत्तर १.०८, आठवी-नववीचे १.०३ आणि नववी-दहावीचे ०.९४ असेल, तर आज सातवीत असलेली १,००० मुले पुढच्या वर्षी आठवीत १,०८० होतात, त्यानंतर नववीत १,११२ आणि दहावीत सुमारे १,०४६. चाळीस मुलांची एक तुकडी धरली, तर आठवीला २७ तुकड्या लागतात आणि नववीला २८. एका तुकडीचा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण प्रत्यक्षात तो एक खोली आणि त्या खोलीत शिकवणाऱ्या शिक्षकांच्या तासिका इतका असतो.

पद्धत सोपी असली तरी तिच्यात भरायचे आकडे जपून निवडावे लागतात. २०२० आणि २०२१ मध्ये नववीचे विद्यार्थी परीक्षेविना वर्गोन्नत झाले. त्यामुळे त्या दोन वर्षांचे नववी-दहावीचे गुणोत्तर नेहमीपेक्षा फुगलेले असणार आणि ते सरासरीत घेणे चुकीचे ठरेल. त्याच काळात मुंबई परिसरातील अनेक चाकरमानी कुटुंबे गावाकडे आली आणि परतली, म्हणून सातवी-आठवीचेही आकडे त्या वर्षांपुरते बाजूला ठेवावेत. २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि अनुत्तीर्णांसाठी पुनर्परीक्षा आली. तिचा आठवी-नववीच्या प्रवाहावर काय परिणाम होतो, हे पाहण्यासाठी ही वर्षे वेगळ्या रकान्यात ठेवणे बरे.

नववी-दहावीचे गुणोत्तर वेगळ्या कारणासाठी बारकाईने पाहिले पाहिजे. दहावीच्या निकालाची टक्केवारी ही शाळेची प्रतिष्ठा मानली जाते, म्हणून काठावरच्या मुलांना नववीतच थांबवण्याची किंवा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसण्याचा सल्ला देण्याची प्रवृत्ती अनेक ठिकाणी आढळते. नियोजनाच्या दृष्टीने हे मूल दहावीच्या पटातून वजा होते, पण जिल्ह्याच्या जबाबदारीतून ते वजा होत नाही. गुणोत्तर ०.९४ आले म्हणून दहावीला तुकड्या कमी पुरतील, असा हिशेब मांडणारा आराखडा गळतीला मंजुरी देतो, असे माझे स्पष्ट मत आहे. हे गुणोत्तर एकच्या जवळ नेण्याचे उद्दिष्ट धरूनच खोल्या मोजायला हव्यात.

जनगणनेचा आधार मात्र सध्या फारसा कामाचा नाही. २०११ मध्ये शून्य ते सहा वयोगटात मोजलेली मुले आता शाळेच्या शेवटच्या वर्षांत आहेत किंवा शाळा संपवून बाहेर पडली आहेत. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि प्रभागनिहाय वयोगटांचे तक्ते हाती यायला त्यानंतरही वेळ लागेल. तोवर यूडायस प्लस या शाळांची माहिती नोंदवणाऱ्या शासकीय प्रणालीवरील इयत्तानिहाय पट, महापालिका आणि ग्रामपंचायतींच्या जन्मनोंदी आणि शाळा सोडल्याचे दाखले यांवरच भिस्त ठेवावी लागते. दाखल्यांचा उपयोग फारसा कुणी करत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. पनवेलमध्ये दाखल होणाऱ्या मुलाच्या दाखल्यावर तो कोणत्या तालुक्यातून, कोणत्या राज्यातून, कोणत्या माध्यमातून आला हे लिहिलेले असते. महाड, पोलादपूर, म्हसळा, खेड, मंडणगड येथून आलेल्या मुलांची संख्या त्यावरून कळते आणि दक्षिणेकडील घटता पट व उत्तरेकडील वाढता पट या पुष्कळ अंशी एकाच स्थलांतराच्या दोन बाजू आहेत, हे नावानिशी दिसते.

इमारतींच्या बाबतीत विकलेल्या सदनिकांची संख्या फसवी असते. या पट्ट्यात गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूपबंद ठेवलेली घरे बरीच आहेत. भोगवटा प्रमाणपत्राची तारीख हा पहिला विश्वासार्ह दुवा आणि घरगुती वीजजोडणीचा प्रत्यक्ष वापर हा दुसरा. या दोन्ही नोंदी सार्वजनिक यंत्रणांकडे आहेत. वर्षातून एकदा, जानेवारीत, त्या शिक्षण विभागाला मिळाल्या तर जूनमध्ये आश्चर्याला जागा राहणार नाही.

आठवीनंतरची पोकळी

या प्रकरणातील सर्वांत गंभीर भाग आठवी आणि नववी यांच्या मधल्या उंबरठ्यावर आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि तो सहा ते चौदा वर्षांच्या, म्हणजे आठवीपर्यंतच्या शिक्षणाची हमी देतो. त्यातील २५ टक्के राखीव प्रवेशाची तरतूद महाराष्ट्रात २०१२-१३ पासून अमलात आली. पहिल्या वर्षी पहिलीत गेलेली मुले २०२०-२१ मध्ये नववीत पोहोचली आणि त्यानंतर दरवर्षी एक नवी तुकडी त्याच उंबरठ्यावर येऊन उभी राहते. रिक्षाचालकाचे, घरकाम करणाऱ्या बाईचे, बंदरावरील गोदामात हमाली करणाऱ्याचे मूल आठ वर्षे इंग्रजी माध्यमाच्या स्वयंअर्थसहाय्यित शाळेत विनाशुल्क शिकते आणि नववीला त्याच शाळेची पूर्ण फी त्याच्या पालकांसमोर येते.

त्या कुटुंबापुढे तीन वाटा असतात. कर्ज काढून फी भरणे, जवळच्या अनुदानित शाळेत प्रवेश घेणे किंवा शिक्षण थांबवणे. दुसरी वाट सर्वांत योग्य दिसते, पण या पट्ट्यातील अनुदानित शाळांपैकी बऱ्याच मराठी माध्यमाच्या आहेत आणि आठ वर्षे इंग्रजीतून गणित-विज्ञान शिकलेल्या मुलाला नववीत माध्यम बदलणे फार जड जाते. शिवाय त्या शाळांत जागा असायला हवी. वर सांगितलेल्या गुणोत्तरात हे मूल स्वतंत्र दिसत नाही. एका शाळेत ते कमी होते, दुसऱ्या शाळेत वाढते आणि कुठेच न आल्यास बेरजेत हळूच नाहीसे होते. म्हणून राखीव प्रवेशातील आठवीच्या मुलांची यादी डिसेंबरमध्येच तयार करून त्यांच्यासाठी अनुदानित शाळांत सेमी-इंग्रजी तुकड्यांची तजवीज करणे, हे पनवेल-उरणच्या आराखड्यातील पहिले काम असायला हवे. ही यादी प्रवेशाच्या ऑनलाइन नोंदीवरून काढता येते, तिच्यासाठी नवे सर्वेक्षण लागत नाही.

अनुदानित जागा का वाढत नाहीत, याचे कारण धोरणात आहे. रायगडात माध्यमिक शिक्षणाचा भार प्रामुख्याने खासगी संस्थांनी वाहिला. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने आणि अलिबागच्या कोकण एज्युकेशन सोसायटीसारख्या स्थानिक संस्थांनी खेडोपाडी हायस्कुले काढली आणि शासनाने शिक्षकांचे वेतन दिले. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियमानंतर नव्या शाळा जवळजवळ सर्व फीवर चालणाऱ्या निघाल्या. याचा अर्थ असा की, वस्ती वाढली तशा शाळा वाढल्या, पण बिनफीच्या माध्यमिक जागा त्या मानाने वाढल्या नाहीत. एकूण आसनक्षमता आणि एकूण पट यांची तुलना करणारा तक्ता त्यामुळे दिलासा देणारा दिसतो. तोच तक्ता अनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित असा फोडला, आणि पुढे माध्यमानुसार फोडला, की तुटवडा नेमका कुठे आहे ते समोर येते.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवावीशी वाटते. ज्या भातखाचरांवर आणि मिठागरांवर या वसाहती उभ्या राहिल्या, ती आगरी, कोळी, कराडी समाजाची होती. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाटा येथे शेतकऱ्यांनी जमिनीच्या मोबदल्यासाठी प्राण दिले आणि त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देणारी साडेबारा टक्के योजना आली. गावठाणांतील मुले आजही प्रामुख्याने जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि नंतर अनुदानित हायस्कुलात जातात. शैक्षणिक भूखंड भाडेपट्ट्याने देताना या मुलांसाठी जागा राखणे हा उपकार ठरत नाही, तो त्यांच्या जमिनीचा हिशेब आहे.

जागा, रस्ते आणि अंतर

राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाने २००९ मध्ये माध्यमिक शाळा ५ किलोमीटरच्या आत असावी हे उद्दिष्ट ठेवले आणि २०१८ मध्ये ते अभियान समग्र शिक्षेत विलीन झाल्यावरही अंतराचा हाच विचार चालू राहिला. उरण तालुक्यात नकाशावर हे उद्दिष्ट सहज पूर्ण झालेले दिसेल. पण नकाशावरील ५ किलोमीटर खाडीवरून, रेल्वेमार्गावरून आणि बंदराकडे जाणाऱ्या कंटेनर ट्रेलरच्या रस्त्यावरून जातात. तेरा वर्षांच्या मुलीने सायकलवरून तो रस्ता रोज दोनदा ओलांडायचा, तर अंतराचा निकष पुरा पडत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि मुंबई-गोवा महामार्ग यांनी पनवेल तालुक्याचेही असेच तुकडे पाडले आहेत. म्हणून शाळेचे क्षेत्र ठरवताना मोठे रस्ते आणि खाड्या या सीमा मानाव्यात आणि प्रत्येक तुकड्याचा पट स्वतंत्र मोजावा, असे मला वाटते. तसे केल्यावर एकूण बेरजेत पुरेशा वाटणाऱ्या जागा दोन-तीन ठिकाणी अपुऱ्या निघतील.

जागेचा अधिकार शिक्षण विभागाकडे नाही. उपनगरांत तो सिडकोकडे आणि महापालिकेकडे आहे. विमानतळ प्रभावित क्षेत्रात, म्हणजे २०१३ मध्ये अधिसूचित झालेल्या नैना प्रकल्पात, नगर रचना परियोजनांमधून भूखंड आखले जातात. त्या परियोजनांवर हरकती-सूचना मागवल्या जातात त्याच काळात माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांचे लेखी म्हणणे, इयत्तानिहाय अंदाजासह, दाखल झाले पाहिजे. अंतिम आराखडा मंजूर झाल्यावर पाठवलेल्या पत्राला काही अर्थ उरत नाही. त्यात दोन मागण्या असाव्यात: पहिली, माध्यमिकचा भूखंड प्राथमिकला लागून असावा, म्हणजे पहिल्या दशकात प्राथमिकने वापरलेल्या खोल्या दुसऱ्या दशकात वरच्या वर्गांना घेता येतील, दुसरी, किमान काही भूखंड महापालिका किंवा अनुदानित संस्था यांच्यासाठीच राखलेले असावेत. महापालिका झाल्यानंतरही तिच्या हद्दीतील जिल्हा परिषद शाळांच्या हस्तांतरणाचा प्रश्न काही वर्षे रेंगाळला, हा अनुभव ताजा आहे. शाळा नक्की कोणाची, हे ठरेपर्यंत मुले एक-दोन इयत्ता पुढे जातात.

शिक्षक

इमारतीपेक्षा शिक्षकांचा प्रश्न अधिक किचकट आहे. संच मान्यता, म्हणजे शाळेच्या शिक्षकपदांची निश्चिती, ३० सप्टेंबरच्या पटावर होते आणि आता आधार वैध असलेल्या विद्यार्थ्यांचीच गणना धरली जाते. घटत्या पटाच्या शाळेला याचा त्रास होतो, हे सर्वत्र बोलले जाते, पण वाढत्या पटाच्या शाळेचीही कोंडी होते. जूनमध्ये आलेल्या मुलांसाठी पद मंजूर व्हायला पुढचे वर्ष उजाडते आणि बांधकामावर किंवा वीटभट्टीवर आलेल्या परप्रांतीय कुटुंबांतील मुलांचे आधार जुळत नसेल, तर ती मुले वर्गात बसलेली असूनही पदनिश्चितीत मोजली जात नाहीत. सप्टेंबरपूर्वी केंद्रप्रमुखांच्या स्तरावर आधार दुरुस्तीची शिबिरे घेणे हे कारकुनी काम वाटते, पण त्यावर विज्ञानाचा एक शिक्षक मिळणे वा न मिळणे अवलंबून असते.

दक्षिण तालुक्यांतील अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांचे समायोजन उत्तरेकडे करावे, हा उपाय साहजिक सुचतो. प्रथम त्याच संस्थेत, मग जिल्ह्यात, असा क्रम आहेच आणि अनेक तालुक्यांत शाळा असलेल्या मोठ्या संस्थांना ते शक्य होते. तरी त्यावर फार विसंबू नये. म्हसळ्यात अतिरिक्त ठरलेला शिक्षक बहुधा भाषा किंवा सामाजिक शास्त्रांचा असतो, पनवेलला हवा असतो तो इंग्रजीतून गणित-विज्ञान शिकवणारा. शिवाय पन्नाशीतील माणसाला पनवेलचे घरभाडे पेलून नव्याने बस्तान बसवायला सांगणे सोपे नाही. विषयनिहाय गरज तीन वर्षांच्या अंदाजावर काढून ती शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरील मागणीत आधीच नोंदवली, तर समायोजनाचा ताण कमी होईल.

बांधकामाचे वर्ष

कोकणात बांधकामाचे वर्ष ऑक्टोबर ते मे इतकेच असते. निविदा डिसेंबरमध्ये निघाली तर जोत्यापर्यंतचे काम होते आणि पाऊस येतो. म्हणजे सहा-आठ खोल्यांच्या मजल्याला दोन कोरडे हंगाम लागतात. जिल्हा नियोजन समितीचा निधी मार्चअखेर खर्ची टाकण्याची घाई आणि हे हंगाम जुळत नाहीत. म्हणून जागा आणि आराखडा एका वर्षी, जोते दुसऱ्या वर्षी आणि खोल्या तिसऱ्या वर्षी असा टप्पा आधीच ठरवावा आणि त्यासाठी पटाचा अंदाज किमान चार वर्षे पुढचा हवा. सातवीतील आजचा पट त्याला पुरत नाही, पाचवीपासून मोजावे लागते.

मधल्या काळात सकाळ आणि दुपार अशी दोन सत्रे चालवणे अटळ होते. त्याला हरकत घेण्याचे कारण नाही, पण सकाळच्या सत्रात मोठ्या मुली आणि दुपारच्या सत्रात लहान वर्ग, की उलट, हा निर्णय वाहतुकीवरून घेतला पाहिजे. हिवाळ्यात साडेसहाला अंधार होतो आणि उरणच्या अंतर्गत गावांना जाणाऱ्या गाड्या कमी असतात. नववी-दहावीचे वर्ग सकाळी घेतल्यास मुली उजेडात घरी पोहोचतात आणि दुपारी प्रयोगशाळा दोन्ही सत्रांना मिळते.

वाढत्या तालुक्यांकडे निधी वळवताना दक्षिणेकडील शाळांची दुरुस्ती थांबवली जाऊ नये. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, माणगाव भागातील शाळांची छपरे उडवली होती. पट घटला असला तरी खाडीपलीकडच्या वाडीतील मुलीसाठी तेथील हायस्कूल हेच एकमेव हायस्कूल असते. ते बंद झाले तर तिचे कुटुंबही एक दिवस पनवेलची वाट धरते आणि कळंबोलीच्या एखाद्या नववीच्या तुकडीत आणखी एक नाव वाढते. दक्षिणेतील शाळा टिकवण्याचा खर्च आणि उत्तरेत खोल्या वाढवण्याचा खर्च हे म्हणून एकाच अंदाजपत्रकात, शेजारी-शेजारी मांडले गेले पाहिजेत.

अकरावीचा प्रश्न याच्या पुढे उभा आहे. पनवेल परिसर आधीपासून मुंबई महानगर क्षेत्राच्या केंद्रीय ऑनलाइन प्रवेशात होता आणि २०२५-२६ पासून ही पद्धत राज्यभर लागू झाली. त्यामुळे कोणत्या शाखेला किती पसंती आहे, याची आकडेवारी आता एका ठिकाणी मिळते. दहावीच्या अंदाजाला तीच जोडून कनिष्ठ महाविद्यालयाच्या आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या जागा २०२८ पर्यंत किती लागतील, हे जिल्ह्याला यंदाच मांडता येईल. त्यासाठी लागणारी मुले आज आठवीत बसलेली आहेत.